सहा महिन्यांचे बेट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते, उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा. मधल्या डोंगराळ पठारावर पूस, अरुणावती, बेंबळा अशा नद्या आहेत आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्यावर धरणे उभी राहिली आहेत. समुद्र इथून कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. तरीही सप्टेंबरअखेर पुसद तालुक्याच्या टोकाला, हिंगोलीच्या सीमेवर, इसापूर धरणाच्या भिंतीवरून पाहिले तर पाण्याचा पसारा नजरेत मावत नाही. ही भिंत ५७ मीटर उंच आणि चार किलोमीटरहून अधिक लांब आहे. एवढे पाणी दिसले की जलपर्यटनाची चर्चा सुरू होतेच, आणि ती सुरू झाली की डोळ्यांसमोर ठरलेले चित्र उभे राहते: निळे पाणी, पांढरी वाळू, एका कुटुंबासाठी ठेवलेली स्वतंत्र नाव आणि बेटाला घातलेली फेरी. हे चित्र कॅरिबियन समुद्रातले आहे. त्यात वाईट काही नाही. उलट ते नीट अभ्यासण्यासारखे आहे. पण तिथली नावेची फेरी कशामुळे जमते हे समजून घेतले, तर आपल्या धरणांवर तिची नक्कल का जमणार नाही हेही कळते. नकलेऐवजी काय जमेल, तेही त्यातूनच दिसू लागते. यवतमाळच्या पाण्यावर नाव जरूर फिरावी, पण ती लहान असावी, धरणातल्या मच्छीमाराच्या हातात असावी, आणि तिचे वेळापत्रक पाणी जसे उतरते तसे ठरावे, असे मला वाटते. त्याची कारणे पुढे मांडतो.

कॅरिबियन बेटे मराठी माणसाला क्रिकेटमुळे ओळखीची. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, तेव्हापासून त्रिनिदाद, बार्बाडोस ही नावे घराघरात गेली. त्या बेटांचा भूगोल मात्र फारसा कुणी पाहिला नाही. तिथे वर्षाचा बहुतेक काळ वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. या व्यापारी वाऱ्यांमुळे प्रत्येक बेटाला दोन अगदी वेगळ्या बाजू मिळतात. पूर्वेच्या बाजूवर अटलांटिकच्या लाटा आदळत राहतात. पश्चिमेची बाजू डोंगरांच्या आडोशाला असते आणि तिथले पाणी शांत असते. सेंट लुशिया बेटावर पर्यटकांच्या नावा उत्तरेकडच्या रॉडनी बेहून निघून पश्चिम किनाऱ्यानेच दक्षिणेला सूफ्रिएरपर्यंत जातात. तिथे समुद्रातून सरळ उठलेले ग्रो पितों आणि पेती पितों हे दोन ज्वालामुखी सुळके दिसतात. पहिला ७९८ मीटर उंच, दुसरा ७४३. २००४ पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे सुळके खरे दिसतात ते पाण्यावरूनच. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. कॅरिबियन समुद्रात हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत असतो, कित्येक जागी वीतभरच. म्हणून तिथे लाकडी धक्का एकदा बांधला की सकाळ-संध्याकाळ, डिसेंबर-मे, पाणी त्याच पायरीला लागते. तिसरी गोष्ट पाण्याच्या नितळपणाची. उष्ण कटिबंधातल्या त्या समुद्राच्या वरच्या थरात पोषकद्रव्ये कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून तळ दिसतो. किनाऱ्याची वाळूही प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा भुगा वाळू होऊन बाहेर टाकतात. ही वाळू जड असते, लगेच तळाशी बसते आणि पाणी गढूळ करत नाही. नाव थांबवायची, काच लावलेला मुखवटा चढवून पाण्यात उतरायचे आणि प्रवाळ पाहायचे, हा तिथल्या फेरीचा गाभा या नितळपणावर उभा आहे.

आता आपल्या धरणाकडे पाहू. यवतमाळ जिल्ह्यात पाऊस पडतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात धरण भरते. ऑक्टोबरपासून कालव्यांना पाणी सुटते, रब्बीच्या पाणीपाळ्या चालू होतात; उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मागणी असते, आणि वर सूर्य आपला वाटा उचलतच असतो. विदर्भातल्या उन्हात उघड्या पाण्याची वर्षभरात दीड-दोन मीटर उंची नुसती वाफ होऊन जाते. म्हणजे धरणातले पाणी स्वभावतःच उतरते. उतरण्यासाठीच ते साठवलेले असते. ते किती उतरते यापेक्षा काठ किती सरकतो हे नावेच्या दृष्टीने महत्त्वाचे. बुडीत क्षेत्राच्या शेपटाकडे जमिनीचा उतार अगदी सौम्य असतो. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार असेल, तर पाणी पाच मीटर उतरल्यावर काठ अर्धा किलोमीटर मागे जातो. सप्टेंबरात पाण्याला लागून बांधलेला धक्का फेब्रुवारीत शेताच्या मधोमध उभा असतो. मधल्या अर्ध्या किलोमीटरवर काळ्या मातीचा गाळ. वऱ्हाडातली ही माती ओली असताना गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेते आणि वाळली की हातभर खोल भेगा पडतात. पांढऱ्या वाळूवर अनवाणी चालणारा पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून इथे काही आखले, तर पहिल्याच हिवाळ्यात ते चिखलात अडकेल.

बेटांचेही तसेच. दख्खनच्या पठारावरच्या टेकड्या लाव्हाच्या थरांच्या, माथ्याला सपाट. अशा खोऱ्याच्या तोंडाशी भिंत घातली की दऱ्या बुडतात आणि मधल्या टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहतात. हीच आपली बेटे. सेंट लुशियाचे बेट लाखो वर्षे बेटच आहे. धरणातले बेट मात्र पाण्याची पातळी एका ठरावीक रेषेखाली गेली की पुन्हा टेकडी होते. सप्टेंबरात नावेशिवाय जिथे जाता येत नव्हते, तिथे एप्रिलमध्ये शेळ्या चरताना दिसतात. दरवर्षी जन्मणाऱ्या आणि मोडणाऱ्या या बेटाला मी उणे मानत नाही. पर्यटकाला दाखवण्यासारखी इथली सर्वांत वेगळी गोष्ट तीच आहे. एकाच नावेने ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत फेरी मारली, तर तीन वेगळी भूदृश्ये दिसतील. कॅरिबियनमधली नाव वर्षभर तेच बेट दाखवते.

पाणी उतरणे हे नुकसान नसून संपत्ती आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच भिगवणला आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मागच्या पाण्यावर, इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगाव आणि डिकसळच्या परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांना पाहायला पुण्या-मुंबईचे लोक. त्यांना पाण्यावर नेतात ते स्थानिक मच्छीमार, आपल्याच नावांतून, आणि नाव बहुधा पूर्ण एका गटासाठी ठरवली जाते. रोहित वाकडी चोच उलटी धरून उथळ चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. धरण काठोकाठ भरलेले असेल तर त्याला उभे राहायलाच जागा नसते, म्हणून भरपूर पावसाच्या वर्षी हे पक्षी उशिरा येतात. पाणी उतरून दलदल उघडी पडली की तेच धरण त्यांच्यासाठी पंगत मांडते. बदकांना आणि चिखलपायी पक्ष्यांनाही हाच नियम लागू. इसापूरच्या पाण्याभोवतीचा परिसर पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. विदर्भातल्या जलाशयांवर हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांमध्ये हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस असतात, चक्रवाक असतात, थापट्या आणि तलवार बदके असतात. आपले पाणी गढूळ, तळ दिसत नाही, म्हणून प्रवाळाच्या फेरीसारखी खाली पाहण्याची फेरी इथे व्यर्थ आहे. इथे नजर आडवी हवी: काठावर, दलदलीवर, उघड्या पडणाऱ्या बेटावर. आणि त्यासाठी वेग नको, आवाजही नको. स्पीडबोट इथे आणायची तर ज्यासाठी माणूस आला ते तिच्या पहिल्याच घरघराटाने उडून जाणार.

नाव कुणाच्या हातात असावी, याचे उत्तर साताऱ्यात मिळते. कोयना धरणामुळे जावळी खोऱ्यातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. उरलेल्या वस्त्यांसाठी शिवसागर जलाशय हाच रस्ता झाला, आणि बामणोली, तापोळा या गावांत नाव चालवणे हा व्यवसाय वाढला. आज बामणोलीहून वासोट्याला जाणारा गिर्यारोहक माणशी तिकीट काढत नाही, गटासाठी आख्खी नाव ठरलेल्या दराने घेतो. वनखात्याची परवानगी लागते, संध्याकाळच्या आत परतावे लागते. कॅरिबियनमध्ये ज्याला खासगी नाव म्हणतात त्याचा सारा उपयोग इथे आहे: थांबायचे कुठे आणि किती वेळ हे गट ठरवतो, नावेत अनोळखी गर्दी नसते, आणि नावाड्याला फेरीचा पूर्ण मोबदला मिळतो, मग गटात चार माणसे असोत की आठ. गर्दी भरण्याचा मोह त्यामुळे कमी होतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. यवतमाळच्या धरणांवर भोई आणि ढिवर समाजातले मच्छीमार अनेक वर्षे आहेत. जलाशय मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. मत्स्यबीज सोडायचे, कटला, रोहू, मृगळ वाढवायचे, पहाटे जाळी उचलायची, असा त्यांचा दिनक्रम. बुडालेल्या झाडांची खुंटे कुठे आहेत, जुन्या नदीपात्राचा खोल पट्टा कुठून जातो, कोणत्या खाचेत वारा अंगावर येतो, हे ज्ञान कोणत्याही नकाशावर नाही, ते यांच्याकडे आहे. बाहेरून आलेल्या कंत्राटदाराने तरणतलावावर शिकवलेली मुले नेमली, तर त्यांना हे शिकायला दहा वर्षे जातील, आणि मधल्या काळात त्याची किंमत प्रवासी मोजतील.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मच्छीमारांच्या नावांतूनच तर माणसे बुडतात, असे कुणी म्हणेल. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. हीच वर्धा पुढे यवतमाळची सीमा होते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला नदीपार निघालेल्या सहा महिला वैनगंगेत बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात, वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जण गेले. हे मृत्यू विसरता कामा नयेत. पण या घटना नीट पाहिल्या, तर दोष लहान नावेचा किंवा नावाड्याच्या जातीचा नसून तीन साध्या गोष्टींचा दिसतो: क्षमतेपेक्षा जास्त भार, चुकलेली वेळ आणि अंगात नसलेले जीवरक्षक जाकीट. नाव तरते कशी हे कळले तर पहिली गोष्ट स्पष्ट होते. नाव एका अंगाला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि तेवढे पाणी तिला वर ढकलून पुन्हा सरळ करू पाहते. माणसे खाली बसलेली असतात तोवर साऱ्या भाराचा मध्य पाण्याजवळ राहतो आणि हा ढकलणारा जोर जिंकतो. माणसे उभी राहिली की मध्य वर सरकतो. छायाचित्रासाठी सगळी एका काठाकडे झुकली की तो बाहेर जातो, आणि मग तेच पाणी नावेला उलथवायला मदत करते. भार वाढला की काठ पाण्याच्या जवळ येतो. एरवी निरुपद्रवी असलेली वीतभर लाट आत शिरते, आत आलेले पाणी एका बाजूला धावते, आणि पुढचे काही क्षणांत होते. म्हणून किती माणसे बसवायची हा आकडा नावेवरच रंगाने लिहिलेला असावा आणि काठापासून खाली एक रेषा मारलेली असावी, ती पाण्याखाली गेली की नाव निघणार नाही. हे करायला लाखो रुपये लागत नाहीत.

वेळेचे म्हणाल तर धरणातल्या लाटेचे गणित मोकळ्या अंतराचे आहे. वारा जितक्या लांब पाण्यावरून अडथळ्याविना वाहतो तितकी लाट वाढते. चार-पाच किलोमीटर मोकळे पाणी आणि उन्हाळी दुपारचा वळिवाचा वारा एकत्र आले की शांत तळ्याचे रूप अर्ध्या तासात पालटते. उजनीतली दुर्घटना संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात झाली हा योगायोग नव्हता. सेंट लुशियाचा नावाडी डोंगराच्या आडोशाची बाजू धरतो. आपल्या नावाड्याने सकाळची वेळ धरावी. सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंत पाणी आरशासारखे असते आणि पक्षीही तेव्हाच चरत असतात, म्हणजे सुरक्षितता आणि पाहण्याची संधी एकाच वेळी मिळते. फेब्रुवारीपासून दुपारी नाव नकोच. कायद्याची बाजूही आता पूर्वीसारखी मोकळी नाही. १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी आणि तपासणी त्यात आहेच, वल्ह्याच्या नावांची मोजदाद स्थानिक पातळीवर करण्याची तरतूदही आहे. ही मोजदाद कागदावर न राहता नावेच्या अंगावर क्रमांक म्हणून दिसली, तर मच्छीमाराचेही भले आहे. ट्रकच्या ट्यूबवर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारी माणसे आजही विदर्भाच्या तलावांवर आहेत. पर्यटकासाठी आणलेले जीवरक्षक जाकीट पहाटे जाळ्याला जाताना त्यांच्याही अंगात असेल, याची मला अधिक किंमत वाटते.

नावांमुळे पिण्याचे पाणी दूषित होईल, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. निळोणा आणि चापडोह ही धरणे यवतमाळ शहराला पाणी देतात. तिथे पेट्रोल-डिझेलचे इंजिन नकोच. भोपाळच्या बड्या तलावावरच्या इंजिनच्या नावांना राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये मनाई केली, कारण तेही शहराचे पिण्याचे पाणी आणि संरक्षित पाणथळ जागा. वल्हे हे मागासलेपणाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या निर्णयाकडे पाहावे.

पक्ष्यांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. नाव पक्षी दाखवते आणि तीच नाव त्यांना उठवतेही. विशेषतः फेब्रुवारी-मार्चपासून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. काठीभर अंतरावर माणूस उतरला तर पालक उडतात आणि तापलेल्या दगडावर अंडे काही मिनिटांत भाजून निघते. कर्नाटकात भद्रा जलाशयातली अशीच बेटे या पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथे ते नावेतूनच पाहिले जातात. तेव्हा उपाय आहे: विणीच्या बेटावर उतरायचे नाही, ठरावीक अंतरावरून वळायचे. या बाबतीत कॅरिबियनकडून शिकण्यासारखे बरेच आहे. बोनेर बेटाने १९७९ मध्ये भोवतीचा समुद्र उद्यान म्हणून राखला, नांगर टाकायला बंदी केली, कारण नांगर ओढला की शंभर वर्षांचा प्रवाळ तुटतो, आणि नावा बांधायला कायमचे तरंगते गोळे लावले. पाण्यात उतरणाऱ्याकडून शुल्क घेऊन त्यातूनच राखणदार नेमले. साबा या चिमुकल्या बेटाने १९८७ मध्ये आपल्या पूर्ण किनाऱ्याभोवती असेच उद्यान केले. तिथल्या समुद्राचा रंग आपल्याला आणता येणार नाही. पाहणाऱ्याच्या पैशातून राखणाऱ्याचा पगार निघावा ही व्यवस्था मात्र इसापूरला जशीच्या तशी लागू पडते.

लोक तर पावसाळ्यात येतात, सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला गर्दी तेव्हाच होते, मग हिवाळ्यात नाव कोण घेणार, असाही प्रश्न आहे. धबधब्याचा हंगाम आणि नावेचा हंगाम वेगळे आहेत हे मान्य करावे लागेल. कॅरिबियनमध्येही जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ; पर्यटन फुलते ते डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. पुराच्या पाण्यात नाव घालू नये हे तिथल्या नावाड्याला जितके कळते तितकेच पैनगंगेच्या भोयालाही. आणि ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावावर घरे चालतात आणि बिघडतात, तिथे नावेची चैन कशाला, असे विचारणाऱ्याचा रोख मला समजतो. या धरणांचे पाणी आधी घशासाठी, मग शेतासाठी. पर्यटनासाठी एक थेंबही अडवून ठेवू नये. माझा आग्रह इतका आहे की शेतकऱ्यासाठी उतरत्या पाण्यावरच नाव चालावी. पाणी अडवा म्हणणारा कायमचा धक्का आणि तरंगते हॉटेल या जिल्ह्याला परवडणारे नाही; उतरत्या पाण्याबरोबर सरकणारी, मच्छीमार संस्थेच्या मालकीची दहा नावांची व्यवस्था परवडते. गाळात रोवायची सुटी लाकडी पायवाट, दहा-बारा जाकिटे, दुर्बिणी, दराचा फलक आणि नावेवरचा क्रमांक, एवढ्यात तिची सुरुवात होते.

मग वर्षाचा क्रम असा बसतो. पावसाळ्यात मासे विणतात, धरण भरते, नाव काठाला बांधलेली असते. ऑक्टोबरात बेटे पूर्ण वेढलेली असतात, तेव्हा फेरी बेटाभोवतीची. नोव्हेंबर ते जानेवारी पाहुणी बदके येतात, दलदल उघडते, तेव्हा फेरी काठाकाठाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबून सुरय पाहायचे, सकाळीच परतायचे. एप्रिलमध्ये बेटाला जमीन लागते. नाव पालथी घालून तिच्या सांध्यांना डांबर भरले जाते, आणि जिथे पाच महिन्यांपूर्वी वल्ही पडत होती त्या ओल्या गाळावर गाळपेरीचे टरबूज आणि काकड्या वाढत असतात.